तिसऱ्या पट्टीची गुरगुर

नरेंद्र दामल्यांनी एकतीस वर्षं गाडीत रेडिओ लावला नाही. संगीताशी त्यांचं वैर नव्हतं, पण पोटापाण्याचा उद्योगच तसा होता. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ते ज्या विभागात होते त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. काम मात्र एका वाक्यात सांगता येई: नव्या गाडीतून जी काही खडखड, कुरकुर, शिट्टी किंवा गुरगुर येईल तिचं मूळ शोधायचं आणि तिचा बंदोबस्त करायचा. त्यासाठी रेडिओ बंद, काचा बंद आणि शेजारी बसलेल्याचं तोंड बंद. ही शेवटची अट मीनाक्षीबाईंनी नोकरीच्या काळात कशीबशी पाळली आणि नवरा निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडपणे धुडकावून लावली.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की घरच्यांची काही खैर नसते. डेट्रॉइटजवळ ट्रॉयमधल्या त्यांच्या घरात फ्रिज पुढे ओढून झाला, डिशवॉशरची चारही पावलं बदलून झाली, जिन्याची तिसरी पायरी दोनदा उखडून परत बसवून झाली. एकदा जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या गुडघ्यातून येणारा आवाज त्यांनी वरणभातापर्यंत सहन केला आणि ताकाच्या वेळी त्याला वाचा फोडली. त्याच रात्री मीनाक्षीबाईंनी मुलीला फोन लावला आणि सांगितलं, "आठवड्यातून तीन दिवस तरी यांना तुझ्या दुकानात घेऊन जा. नाहीतर मी भारतात जाते."

मुलगी प्रीता. तिचं जवळच फर्नडेलमध्ये वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. मेकॅनिकल इंजिनियरिंगची दोन वर्षं चांगल्या मार्कांनी पार पाडल्यावर तिने ते सोडलं आणि गिटारी बनवायला शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. तेव्हा दामल्यांनी वर्षभर महाराष्ट्र मंडळाच्या लोकांना "प्रीता सध्या ब्रेक घेतेय" असं सांगून वेळ मारून नेली होती. आता त्याच मंडळात ते तिचं कार्ड वाटत फिरतात. दुकानात त्यांचं काम झाडू मारणं, फोन घेणं आणि कोणी न विचारता मत देणं एवढंच होतं, आणि तिन्ही कामं ते मनापासून करत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात, सोमवारी, दुकानात हॉरेस टिंडल आले.

वय चौऱ्याऐंशी, डोक्याला राखाडी हॅट, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. हातातली बेस गिटारची, म्हणजे चार जाड तारांच्या खर्जातल्या गिटारची, पेटी त्यांनी प्रीताला उचलू दिली नाही, स्वतःच काउंटरवर ठेवली. साठच्या दशकात ते सकाळी मोटारीचे पत्रे दाबायच्या कारखान्यात प्रेस चालवत. संध्याकाळी ग्रँड रिव्हर रस्त्यावर, एका ड्राय-क्लीनरच्या मागच्या खोलीत, सोल नावाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या रेकॉर्डिंगला बेस वाजवत. अशी माणसं तेव्हा डझनावारी होती. गाणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर मोठ्या अक्षरांत छापलं जाई. ज्यांच्या ठेक्यावर ते गाणं उभं असे, त्यांचं नाव कुठेच नसे. पासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी त्या खोलीत वाजवलेलं एक गाणं तर असं गाजलं की अमेरिकेतल्या दोन पिढ्या आपापल्या लग्नात त्यावर नाचल्या. प्रीताच्या लग्नातसुद्धा ते वाजलं होतं.

आता न्यूयॉर्कची एक कंपनी ती सगळी जुनी गाणी नव्याने काढत होती आणि या खेपेला प्रत्येक गाण्याखाली वाजवणाऱ्यांची नावं छापणार होती. पण त्या एका गाण्यावर बेस वाजवल्याचा दावा चार घरांतून आला होता. त्यातले तिघे वादक वारले होते आणि त्यांची मुलंबाळं हिरिरीने भांडत होती. कागदपत्र एकही नव्हतं. कंपनीच्या बाईंनी कळवलं होतं: पुरावा मिळाला तर नाव, नाही तर 'अज्ञात'. मसुदा शनिवारी छापायला जाणार होता.

हॉरेसकडे एकच पुरावा होता. त्या गाण्यात बेस जाड तारेवर, मानेत बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी तिसऱ्या पट्टीवर उतरला की प्रत्येक वेळी एक बारीक गुरगुर येते. गाणं ऐकताना ती जाणवत नाही, पण मूळ टेपवर बेस एकटाच ऐकला की अगदी स्पष्ट येते.

"ही या बाईची खोड आहे," हॉरेस गिटारच्या मानेवरून हात फिरवत प्रीताला म्हणाले. "साठ वर्षांत मी तारा बदलल्या नाहीत, पुसल्यासुद्धा नाहीत. लग्न मोडलं, पण ही खोड मोडू दिली नाही. शुक्रवारी कंपनीच्या बाईंसमोर इथल्या स्टुडिओत वाजवायचंय. फक्त हे आवाजाचं बटण खरखरतं तेवढं कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

प्रीताने बटण दुरुस्त केलं आणि 'फक्त बटण, बाकी हात नको' अशी चिठ्ठी पेटीच्या झाकणाला बांधली. हे सगळं तिला माहीत होतं. दामल्यांना त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं, कारण सोमवारी ते दुकानात नव्हते. ते आले बुधवारी, आणि बुधवारी होती खंडेनवमी.

मंडळाने दसरा शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये ठेवला होता. दामल्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. "तिथी म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे, रिशेड्यूल करायला?" असं ते दरवर्षी ईमेलवर विचारत आणि मंडळ दरवर्षी त्यांना उत्तर देत नसे. साताऱ्याला त्यांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला लेथ, कानशी, कॅलिपर सगळं घासूनपुसून, तेल देऊन, गंधफूल वाहून मांडायचं आणि ज्यांच्या जिवावर आपण जेवतो त्यांना त्या दिवशी सुट्टी द्यायची, हा रिवाज त्यांनी पाहिला होता. कंपनीतसुद्धा ते त्या दिवशी तासभर लवकर जात आणि आवाज शोधायच्या आपल्या स्टेथोस्कोपला गुपचूप कुंकू लावत.

प्रीता सकाळीच ॲन आर्बरला एका शाळेचे चेलो बघायला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फक्त फोन घे."

फोन दहा वाजेपर्यंत एकही आला नाही. दामल्यांनी करवती पुसल्या, कानशी पुसल्या, क्लॅम्पना तेल दिलं. अंगणातल्या झेंडूची माळ बरोबर आणली होती, ती ड्रिल मशीनला घातली. मग त्यांची नजर कामाच्या टेबलावर उघड्या पडलेल्या त्या बेस गिटारवर गेली. पेटी काउंटरमागे होती आणि चिठ्ठी पेटीबरोबर. गिटारची अवस्था बघून दामल्यांना भडभडून आलं. तारांवर काळं कीट, पट्ट्यांच्या कडेला मळ, आणि आज तर खंडेनवमी. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

तरी माणूस शिस्तीचा. काहीही उघडण्याआधी ते जसं आहे तसं मोजून ठेवायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम होता. त्यांनी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर नीट दाबून छेडली आणि खिशातल्या वहीत ओळीने नोंदी केल्या. त्यानंतरच तारा सैल करायला घेतल्या. सर्वांत जाड तार खुंटीजवळ तुटली. ते दोन मिनिटं हळहळले आणि प्रीताच्या खणातून तारांचा नवा कोरा संच काढून चारही बदलून टाकल्या. जुन्या तारा झिपलॉकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहिली. मान स्पिरिटने पुसली, लाकडाला तेल दिलं, खुंट्यांच्या टोकाशी कुंकवाचं बोट टेकवलं आणि उरलेली माळ घातली. वाद्य लखलखीत दिसायला लागलं. आपण आज एक चांगलं काम केलं, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

तीनला प्रीता आली. माळ बघून आधी हसली. मग तिची नजर तारांवर गेली आणि ती जवळच्या स्टुलावर बसली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "व्हॉट डिड यू डू."

तिने सगळं सांगितलं. हॉरेस, ते गाणं, टेप, गुरगुर, शुक्रवार. ऐकता ऐकता दामल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जगातले आवाज बंद करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि जो एक आवाज राहायला हवा होता नेमका तोच त्यांनी पुसून टाकला होता. सॉरी म्हणावं तर शब्द फार लहान वाटत होता. एका माणसाचं नाव साठ वर्षं छापलं गेलं नव्हतं आणि आता ते आपल्यामुळे कधीच छापलं जाणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

"जुन्या तारा आहेत माझ्याकडे," ते म्हणाले.

"एक तुटलीये ना. आणि मळ गेला. दॅट साउंड इज गॉन, बाबा. आता मी त्यांना फोन करते. लपवायचं नाही."

"लपवायचं नाहीच," दामले म्हणाले. "उद्या बोलव. मी सांगतो त्यांना."

घरी त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. मीनाक्षीबाईंनी कारण विचारलं, ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, इतक्या गाड्यांतले आवाज घालवलेत. एक परत आणता येत नाही का?"

बायकोच्या बोलण्याने दामल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, पण त्यांचं डोकंही त्यानेच चालू लागतं. आवाज परत आणायचा तर तो आधी कुठून येत होता ते कळायला हवं. त्यांनी वही उघडली. जाड तार, तिसरी पट्टी. पुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: स्वच्छ.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग फोनवरचं सकाळचं रेकॉर्डिंग कानाला लावलं. तारा जुन्या, मळ जुना, सगळं साठ वर्षांपूर्वीचं, आणि तिसऱ्या पट्टीवरचा सूर अगदी साफ. गुरगुर सोडा, साधी कुजबुजही नाही. दामले खुर्चीत ताठ बसले. जो आवाज सकाळी त्या वाद्यात नव्हताच, तो ते पुसणार कुठून?

त्यांना लॅन्सिंगचे एक पाद्री आठवले. नवी कोरी गाडी घेऊन ते चार वेळा कंपनीत आले होते. ते चालवत तेव्हा डाव्या बाजूने किरकिर येई. मेकॅनिकने चालवली की गाडी मुकी. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. शेवटी दामले मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर साठ मैल फिरले आणि त्यांना दिसलं की पाद्रीबुवा चालवताना डावा गुडघा दाराला टेकवून बसतात. दाराची फळी तेवढ्याने किरकिरायची. आवाज गाडीत नव्हता, चालवणाऱ्याच्या गुडघ्यात होता.

त्यांनी प्रीताला फोन लावला. "आवाज वाद्याचा नाही. माणसाचा आहे. त्यांचं कोणतं तरी बोट वेगळं पडतंय."

"त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं आहे, बाबा," प्रीता म्हणाली. "पण तुला खरंच शुअर वाटतंय, की तुला शुअर व्हायचंय?"

"माझ्याकडे बिफोरचं रीडिंग आहे," दामले म्हणाले. "ज्याच्याकडे बिफोरचं रीडिंग असतं तो घाबरत नाही." आणि खरोखरच त्यांची भीती गेली होती. त्यांनी ताट परत ओढून घेतलं.

गुरुवारी, ऐन दसऱ्याला, हॉरेस दुकानात आले. दामल्यांनी काउंटरबाहेर येऊन काय केलं ते सरळ सांगितलं आणि तारांची पिशवी पुढे केली. हॉरेस ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं दामल्यांना वाटलं. त्यांनी पिशवी घेतली, वरची तारीख वाचली, कोटाच्या खिशात घातली आणि चकचकीत गिटारकडे बघत उभे राहिले.

"हे लाल काय आहे?" त्यांनी खुंट्यांकडे बोट दाखवलं.

दामल्यांनी सांगितलं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एकदा आम्ही हात जोडतो, त्याचं ते कुंकू.

हॉरेसनी मान हलवली. "चांगली पद्धत आहे. माझ्या आईला आवडली असती." मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "प्रीता, त्या बाईंना कळव की मी येत नाही. लिहू दे त्यांना 'अज्ञात'. सवय आहे."

"मिस्टर टिंडल," दामले म्हणाले, "एक विचारू? त्या तिसऱ्या पट्टीवर तुम्ही कोणतं बोट ठेवता?"

हॉरेसनी डावा हात वर केला. करंगळीशेजारचं बोट शेवटच्या पेरातून बाहेरच्या बाजूला वळलं होतं. "प्रेसमध्ये गेलं. पासष्टचा फेब्रुवारी. चार आठवड्यांत परत कामावर गेलो, दोन्ही कामांवर."

"आणि ही गुरगुर त्याच्या आधी होती?"

हॉरेसनी हॅट काढून काउंटरवर ठेवली.

"ही गिटार बासष्टला घेतली तेव्हा..." ते म्हणाले आणि थांबले. "नाही आठवत मला."

दामल्यांनी वही दाखवली, फोनवरचा सूर ऐकवला, लॅन्सिंगच्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. हॉरेसनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण राग थोडा ओसरला होता.

"मग वाजवून बघा ना," प्रीता म्हणाली. "इथेच. आत्ता."

"नाही," हॉरेस म्हणाले. "इथे वाजवलं आणि नाही आली, तर उद्या जायचं बळ राहणार नाही. त्यापेक्षा उद्याच बघू. इंजिनियर, तुम्हीही चला. तोंडघशी पडायचं तर दोघं मिळून पडू."

"पडणार नाही," दामले म्हणाले. इतक्या ठामपणे की प्रीताने त्यांच्याकडे वळून बघितलं.

शुक्रवारी सकाळी दहाला तिघं स्टुडिओत पोचले. कंपनीच्या ग्रेस ॲबट चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी हॉरेसना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आधी जुनी टेप ऐकवली. बेस एकटाच. ना गाणारी, ना ड्रम. खाली उतरत, परत चढत, मध्येच थबकत चाललेली ती चाल, आणि दर वेळी तळाशी ती बारीक गुरगुर. दामल्यांनी डोळे मिटून ती ऐकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा आवाज ऐकून पाना शोधावासा वाटला नाही.

"आता तुम्ही," ॲबटबाई म्हणाल्या.

हॉरेसनी काचेपलीकडच्या खोलीत बसून वाजवलं. सूर बरोबर, ठेका बरोबर, तिसरी पट्टी आली आणि गेली. स्वच्छ. पुन्हा एकदा. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्या वेळी हॉरेसनी तारांवर हात आडवा ठेवला आणि मान खाली घातली. ॲबटबाईंनी समोरच्या कागदाकडे बघितलं. प्रीताने शेजारी बसलेल्या बापाकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दामले मात्र हॉरेसच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे कानापर्यंत चढलेले, बोट पट्टीवर जपून, मोजून टेकलेलं. हे त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. तक्रार घेऊन आलेला माणूस शेजारी इंजिनियर बसला की असाच जपून चालवतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. मग गाडीत कसला आवाज येणार? लॅन्सिंगच्या पाद्र्यांचा गुडघासुद्धा चाळीस मैलांपर्यंत दाराला टेकला नव्हता. तो टेकला ते आपल्या नातवाची गोष्ट सांगायला लागल्यावर.

"मॅडम," ते ॲबटबाईंना म्हणाले, "ते वाजवत नाहीयेत, ऐकतायत. त्यांच्या कानात बाकीचं गाणं सोडा. ड्रम, पियानो, गाणारी, सगळं. फक्त जुना बेस काढा."

"मला एकट्या बेसचा नमुना हवाय, मिस्टर दामले."

"तुम्हाला तो एकटाच रेकॉर्ड करता येईल. पण ते त्या दिवशी एकटे नव्हते. खोलीत आठ माणसं होती. ती त्यांना परत द्या."

ॲबटबाईंनी क्षणभर विचार केला आणि बटणं सरकवली.

हॉरेसच्या हेडफोनमध्ये काय सुरू झालं ते बाहेर ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या बुटाला ऐकू आलं. उजवा बूट हलला. मग मान. दोन ओळी त्यांनी वाजवलंच नाही, नुसतं ऐकलं. एकदा ओठांनी काहीतरी म्हणाले. कोणाला तरी हाक मारल्यासारखं ते दिसलं, त्या खोलीतल्या आठातल्या कोणाला तरी. मग खांदे खाली आले आणि हात चालू लागला. चाल उतरली, थबकली, तिसऱ्या पट्टीवर आली. ते वाकडं बोट आपल्या सवयीने आडवं पडलं, तार जराशी बाजूला ओढली गेली, आणि काचेच्या या बाजूच्या स्पीकरमधून बारीक, स्पष्ट गुरगुर आली.

पुढच्या फेरीत परत आली. त्याच्या पुढच्या फेरीतही. कोऱ्या तारा, पुसलेली मान, तेल दिलेलं लाकूड, आणि तीच गुरगुर. प्रीताने बापाचं मनगट घट्ट धरलं. दामल्यांनी वही काढून नोंद करायचा प्रयत्न केला, पण त्यांना नीट दिसेना, तेव्हा वही मिटून खिशात ठेवली.

गाणं संपेपर्यंत कोणी हॉरेसना थांबवलं नाही. ॲबटबाईंनी नंतर जुना आणि नवा बेस एकावर एक लावून ऐकवला. कुठला कुठला ते सांगता येत नव्हतं. मग कागद घेऊन त्या आत हॉरेसपाशी आल्या, मागोमाग दामले आणि प्रीता.

"नाव कसं छापायचं?"

"हॉरेस लिंकन टिंडल," हॉरेस म्हणाले. "पूर्ण."

बाईंनी लिहिलं. शेजारी वाद्याच्या रकान्यात 'बेस' लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे वळवून दाखवला. हॉरेसनी तो बराच वेळ वाचला. दोनच ओळींचा होता, पण बराच वेळ. मग खिशातली झिपलॉकची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"या मूळ तारा का?" ॲबटबाईंनी विचारलं. "आमच्या संग्रहासाठी..."

"कचऱ्यात टाका," हॉरेस म्हणाले. "उगाच जपल्या." ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. "इंजिनियर, साठ वर्षं मला कोणी शाबासकी दिली की मी म्हणायचो, मी काही करत नाही, सगळं ही बाई करते. कंपनीने माझं नाव लिहिलं नाही म्हणून मी चिडायचो. आणि मी तरी कुठे लिहिलं होतं?"

हॉरेसनी गिटार मांडीवर आडवी केली. खुंट्यांच्या टोकाशी बुधवारचं कुंकू अजून होतं. "तुम्ही म्हणालात, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हे लावतात."

"हो."

"मग ते चुकीच्या जागी लागलंय," हॉरेस म्हणाले आणि त्यांनी ते वाकडं बोट पुढे केलं.

दामल्यांच्या खिशात कुंकवाची डबी नव्हती. नवमी परवाच होऊन गेली होती, काल दसरा झाला होता, तिथी काही उरली नव्हती. त्यांनी अंगठा जिभेला लावून ओला केला, गिटारवरचं कुंकू त्यावर टिपून घेतलं आणि हॉरेसच्या बोटाच्या मोडक्या पेरावर टेकवलं. मग सवयीने दोन्ही हात जोडले.

हॉरेसनी बोट उजेडात धरून बघितलं. "आता याला आज सुट्टी का?"

"नियमाने हवी," दामले म्हणाले.

"उद्यापासून," हॉरेस म्हणाले, आणि हेडफोन परत कानाला लावत त्यांनी ॲबटबाईंना गाणं पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं.